गेलेल्यांचीही नावे कळवा

अजमान,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २००२

ती. कुमुदवहिनींस,

कुंदाचा नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल अशी आशा आहे. आम्ही इथे सगळे ठीक आहोत.

मायन्याशीच माझा अर्धा तास गेला. हात सवयीने 'ती. सौ.' लिहून मोकळा व्हायचा आणि मी कागद चुरगाळायचे. तीन कागद झाले तेव्हा आमची अस्मी म्हणाली, "मॉम, व्हाय डोन्ट यू जस्ट ई-मेल?" ती आता चौदा वर्षांची आहे. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं. तुमचा ई-मेल माझ्याकडे नाही, पण पत्ता तोच असेल असं धरून चालले आहे. वाईला तुमच्या भावाचं घर, देवळामागची गल्ली.

दहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आई गेल्याचंही सतीशनेच कळवलं. तेव्हा आज माझं अक्षर पाहून तुम्हाला वाटेल, हिला काहीतरी हवं असणार. तसं काही नाही. बातमी गोड आहे म्हणून लिहिते आहे.

सतीशला मुलगा झाला, मी आत्या झाले. तीन तारखेला, गुरुवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, दुबईत. साडेतीन किलो वजन, डोकं काळ्याभोर केसांनी भरलेलं. तुम्ही सतीशला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो बावीसचा होता, दादाने व्हिसा काढून आणलेला आणि तुमच्या अल ऐनच्या घरात सोफ्यावर पाय बाहेर काढून झोपणारा. आता दुबईतच, देऱ्यात, त्याचं स्वतःचं होलसेल दुकान आहे. बटणं, झिप, लेस, सगळा चिनी माल. पोट सुटलंय. फोनवर एका वाक्यात चार भाषा बोलतो आणि चारही चुकीच्या.

त्याची बायको चिनी आहे. हे तुमच्या कानावर आलंय की नाही, मला माहीत नाही. लिन शुमेई तिचं नाव, आम्ही मेई म्हणतो. माल पाठवणाऱ्या कंपनीच्या देऱ्यातल्या ऑफिसात ती कामाला होती. तीन वर्षांपूर्वी लग्न झालं. आईने ऐकलं तेव्हा फोनवर एवढंच विचारलं, "भात खाते ना?" खाते म्हटल्यावर आईचा निम्मा विरोध तिथेच संपला.

मेईच्या आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडे आलं. शाळा सुटली की मी तशीच देऱ्याला जाते. तिचे नियम ऐकून मला हसूच आलं. महिनाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, केस धुवायचे नाहीत. मी म्हटलं, बाई गं, हे तू मला कशाला सांगतेस, आमच्या आज्या हेच सांगून गेल्या. ती आलं आणि तांबडी साखर घालून अंडी उकळते, मी अळिवाचे लाडू नेते. दोन्ही खाते. लाडू खाताना नाक मुरडते, पण खाते.

आता नावाची गंमत ऐका. त्या दोघांचं आधीच ठरलं होतं की पासपोर्टवरचं नाव आपल्याकडचं ठेवायचं आणि चिनी नाव मेईच्या वडिलांनी निवडायचं. मेईला भाऊ नाही. म्हणून चिनी नावात बाळाला त्यांचं आडनाव लागणार. त्यानंतरचं अक्षर पिढीचं, म्हणजे त्या घराण्यात या पिढीतल्या सगळ्या मुलांना तेच. शेवटचं अक्षर तेवढं बाळाचं स्वतःचं. ते एक अक्षर शोधायला म्हाताऱ्या मास्तरांनी म्हणे दोन आठवडे लावले. ते निवृत्त शिक्षक आहेत. तोवर बाळाला नावाशिवाय कसं हाक मारणार, तर मेई त्याला शिथोउ म्हणते. शिथोउ म्हणजे दगड. नाजूक बाळाला असं ओबडधोबड नाव दिलं की वाईट नजर त्याच्याकडे वळत नाही.

मी तिला म्हटलं, माझ्या वडिलांचंही नाव दगडच होतं. तुम्हाला आठवत असेल, बापूंचं खरं नाव धोंडू. त्यांच्या आधीची चार भावंडं गेली म्हणून आजीने ठेवलेलं. मेई इतकी हसली की टाके दुखले. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा आपली वाटली.

मग मेईच्या वडिलांचा फॅक्स आला. सतीशने दुकानातून आणला. मेईने वाचून सांगितलं. जन्माची वेळ मिनिटापर्यंत कळवा. मुलाच्या वडिलांकडच्या थोरामोठ्यांची नावे कळवा, तीन पिढ्यांची. गेलेल्यांचीही नावे कळवा. त्यांच्या नावातला एकही आवाज बाळाच्या नावात येता कामा नये.

मला वाटलं मी उलटं ऐकलं. मी म्हटलं, आमच्याकडे तर नातवाला मुद्दाम आजोबांचं नाव देतात, आजोबा परत आले असं म्हणतात. मेईने बाळाला एकदम छातीशी धरलं आणि देऱ्यात शिकलेल्या हिंदीत म्हणाली,

"दीदी, मरे हुए का नाम बच्चे को? वो सुनेगा तो समझेगा, मुझे बुलाया."

सतीश म्हणाला, "ताई, लिस्ट तूच कर, प्लीज. मला पणजोबांचं नावसुद्धा माहीत नाही. अर्जंट आहे, यल्ला."

मी एका बिलाच्या पाठीमागे इंग्रजी अक्षरांत लिहीत गेले. पणजोबा गोविंद, आजोबा हरी, आजी पार्वती, बापू, आई. कागदावर खाली जागा उरली होती. थोरला काका थोरामोठ्यांत येतो की नाही? येतोच. मी लिहिलं, सदानंद. दहा वर्षांनी दादाचं नाव माझ्या हाताने लिहिलं, वहिनी.

मेईने बोट ठेवून विचारलं, "ये कौन?"

सतीश उठून बाल्कनीत गेला. तेव्हा मला कळलं की आम्ही दोघंच भावंडं, असं त्याने बायकोला सांगितलंय. मी सांगितलं, आमचा मोठा भाऊ, अल ऐनच्या रस्त्यावर गेला, गाडीसमोर उंट आला. मेईने विचारलं, "कहाँ जा रहा था?" मी म्हटलं, "मालूम नहीं."

असो. बारसं गेल्या शुक्रवारी झालं. बारावा दिवस सोमवारी होता, पण इथे आपले सगळे सण शुक्रवारी येतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. पाळणा दीडशे दिरहमला घेतला, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आसपास. सतीशने दुकानातल्या लेसने सजवला, त्यामुळे तो पाळण्यापेक्षा शोकेसच जास्त दिसत होता. नाव देवांश ठेवलं. सगळं छान झालं. सोबत फोटो ठेवते आहे.

पत्र उद्या टाकीन.


मंगळवार, २९ ऑक्टोबर

पत्र टाकलं नाही. पाकीट चार दिवस फ्रीजवर होतं. येताजाता ते माझ्याकडे पाहायचं, आज मीच फोडलं. वरचं पुन्हा वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. किती गोड गोड लिहिलंय. दहा वर्षांनी तुम्हाला लाडू आणि पाळण्याच्या गोष्टी सांगायला बसले.

बाळ रडतं, वहिनी. दिवसभर शहाण्यासारखं असतं. दुपारी साडेचार वाजले की सुरू होतं आणि दिवस मावळून मगरिबची अजान झाली की एकदम थांबतं. सतीश म्हणतो गॅस होतो, ग्राइप वॉटर दे. मरियमबी, म्हणजे त्यांच्या शेजारची रत्नागिरीकडची बाई, म्हणते तिन्हीसांजेला सगळीच पोरं किरकिरतात. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मेई मात्र कॅलेंडर बघते. तिने काल मला बोट ठेवून दाखवलं की रडणं कुठल्या दिवशी सुरू झालं. अठरा तारखेला. बारशाच्या दिवशी.

तुम्हाला मी लिहिलं की बारसं छान झालं. मरियमबी होती, माझ्या शाळेतल्या दोघी होत्या, अस्मी होती. मेई पलंगावर बसली होती. आत्या म्हणून नाव सांगायचा मान माझा. मी पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. पाठीत धपाटे पडले, बायका हसल्या, अस्मीने तर मनातले सगळे राग काढून घेतले. मग कानात नाव सांगायचं. देवांश म्हणायचं होतं.

मी सदानंद म्हटलं.

तोंडातून चुकून आलं, असं मी स्वतःला आठ दिवस सांगत होते. ते खरं नाही. आदल्या दिवशी शाळेत मुलांचे पेपर तपासताना, बसमध्ये, भाकरी थापताना, मी तेच घोकत होते. मला तो परत हवा होता. आपल्यात म्हणतात ना, नाव ठेवलं की माणूस परत येतं. मेई म्हणाली होती की बोलावलं असं समजून तो येतो. मला दोन्हीचा अर्थ एकच वाटला आणि तो अर्थ मला हवाच होता. मेईला त्याचीच भीती वाटते हे मला माहीत होतं. तिचं दगड नाव ठेवलेलं पोर माझ्या पुढ्यात होतं, आणि मी माझा विचार केला.

नाव सांगून झालं. बायका मागे सरल्या, कुणीतरी पेढ्यांचं ताट आणायला गेलं. मी अजून वाकलेलीच होते. तेव्हा एक हात उशिरा पडला. डाव्या खांद्यावर, जड. दादा मागून येऊन मारायचा तसा. मला वाटलं मरियमबी. वळून पाहिलं तर ती दाराशी उभी राहून ताटावरचा कागद काढत होती. माझ्यामागे कुणी नव्हतं. पाळण्यात बाळ जागं होतं आणि माझ्याकडे पाहत नव्हतं. माझ्या खांद्याच्या वरून, मागे पाहत होतं. पंधरा दिवसांच्या पोराला काय दिसतं, म्हणाल तुम्ही. डॉक्टरही तेच म्हणतील.

मेईने त्याच दिवशी विचारलं होतं, "दीदी, कान में क्या बोला?"

"देवांश."

"और कुछ नहीं?"

"और कुछ नहीं."

आणखी एक गोष्ट आहे. मेईच्या वडिलांनी आधी मनाशी एक नाव धरलं होतं. माझी यादी पोचल्यावर त्यांनी ते खोडलं, कारण दादाच्या नावातला एक आवाज त्यात होता. म्हणजे ते तिकडे समुद्रापलीकडे बसून दादाला बाळापासून दूर ठेवत होते आणि मी इकडे त्याला हाताला धरून आत आणत होते.

तुम्ही म्हणाल, कुंदा, भावाची आठवण सगळ्यांनाच येते, यात एवढं काय. सांगते. मी दहा वर्षं सतीशला ओवाळलेलं नाही. भाऊबीजेला मी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. पहिली काही वर्षं सतीश पाकीट घेऊन दारात उभा राहायचा. मी म्हणायचे डोकं दुखतंय, पुढच्या वर्षी बघू. मग त्याने यायचं सोडलं. त्याला वाटतं माझा दादावर जास्त जीव होता, त्याच्यावर नाही. खरं कारण असं की माझ्या ओवाळण्याची मला भीती वाटते. त्या संध्याकाळी मी घराच्या खिडक्या लावून घेते. खाली कुणी दोनदा हॉर्न दिला तर ऐकू येऊ नये म्हणून. दादा तसाच द्यायचा, तुम्हाला माहीतच आहे.

अजून लिहायचं आहे. आज होत नाही.


शनिवार, २ नोव्हेंबर

काल बाळाला महिना झाला. त्यांच्यात त्या दिवशी लाल रंगवलेली अंडी वाटतात. सतीशने शंभर अंडी रंगवली, बोटं अजून लाल आहेत. देऱ्यातल्या आपल्या लोकांची मोठी पंचाईत झाली. निम्मे शाकाहारी. जोशीकाकूंनी अंडं रुमालात गुंडाळून घेतलं आणि विचारलं, हे देवासमोर ठेवायचं असतं का.

पण ते संध्याकाळी. त्याआधी साडेचारला बाळ सुरू झालं. पाहुणे यायचे होते, मी स्वयंपाकघरात होते. मेईने मला खोलीत बोलावलं. पलंगावर लाल कागद होता, वडिलांनी स्वतः ब्रशने लिहून कुरियरने पाठवलेला. तीन अक्षरं. लिन जिआ-मिंग. मिंग म्हणजे उजेड, असं ती म्हणाली.

"दीदी, ये नाम तुम कान में बोलो. तुम्हारे घर का रिवाज है, तो तुम ही बोलो. लेकिन पहले बताओ, उस दिन क्या बोला था."

बाळ तिच्या मांडीवर रडून रडून लालबुंद झालं होतं. मी पुन्हा देवांश म्हणायला तोंड उघडलं. तिचे केस महिनाभर न धुतलेले, तेलकट, कपाळाला चिकटलेले. ती रागावली नव्हती, घाबरलेली होती. माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. मी सांगितलं. आणि एकदा सांगायला लागल्यावर मी थांबलेच नाही. सतीश अंड्यांचं ताट घेऊन दारात कधी आला ते मला कळलं नाही.

त्यांना जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगते, वहिनी. खरं तर सगळ्यांआधी तुम्हालाच सांगायचं होतं.

सत्तावीस ऑक्टोबर ब्याण्णव, मंगळवार, भाऊबीज. दादा शुक्रवारी येणार होता, ठरलेलंच होतं. त्या दिवशी सकाळी माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईचा भाऊ शारजाहून आला. सुट्टी काढून. तिच्या दारात रांगोळी, हसणं, साडीचं खोकं. मला हेवा वाटला. कारण एवढंच आहे, याहून मोठं असतं तर बरं झालं असतं. मी अकरा वाजता दादाच्या वर्कशॉपवर फोन लावला. तो म्हणाला, "अगं शुक्रवारी येतोच आहे ना." मी म्हटलं, तिथी आज आहे. तो म्हणाला, "इथे कुठली तिथी, बाई." मग मी म्हणाले, आज आला नाहीस तर मला भाऊच नाही असं समजेन.

तो घरी आलाच नाही, वर्कशॉपमधून थेट निघाला. म्हणून तुम्हाला काही कळलं नाही. रस्त्याच्या त्या तुकड्याला तेव्हा कुंपण नव्हतं. ऊन उतरलं होतं, उंट दिसला नसेल. मी ताटात निरांजन लावून बसले होते. अजान झाली, तेल संपलं, मी पुन्हा घातलं. मग फोन आला तो सतीशचा.

तुम्ही आईच्या गळ्यात पडून सांगितलंत की सकाळी भांडण झालं होतं, तुम्हाला वाईला परत यायचं होतं, तो ऐकत नव्हता, आणि तुम्ही म्हणालात, "जा, हवं तिथे जा." गाडी दुबईकडे तोंड करून होती. सगळे धरून चालले की रागावून घर सोडून निघाला. आपल्यात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आणि बायको नवऱ्याला 'जा' म्हणाली आणि तो गेला. आईला तेवढं पुरलं. तेराव्याला बायकांसमोर तिने तुम्हाला जे ऐकवलं ते मी शेजारी बसून ऐकलं. तुम्ही खाली मान घालून भिंतीला टेकून बसला होतात, पांढऱ्या साडीत. आईने माझ्याकडे वळून विचारलं, "कुंदे, तुझ्याकडे यायचा होता का तो?" मी म्हटलं, "शुक्रवारी."

खोटं नव्हतं, म्हणून तोंडातून सहज निघालं. आणि त्यावर मी दहा वर्षं काढली. आई गेली ती तुम्हाला दोष देतच गेली. मी तिचा हात धरून बसले होते, तेव्हाही सांगितलं नाही.

तुमच्या 'जा' मुळे तो गेला नाही, वहिनी. माझ्या 'ये' मुळे गेला.

सतीशने ताट खाली ठेवलं. "ताई, वहिनी दहा वर्षं..." एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "तू आईलासुद्धा नाही सांगितलंस?" मी मान हलवली. तो बाहेर पाहुण्यांकडे गेला, सगळ्यांशी हसून बोलला. माझ्याशी कालपासून एक शब्द बोललेला नाही. बोलू नये. आमचे हे मात्र मला म्हणाले, आता कशाला उकरायचं.

मेईला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही. तिने एकच विचारलं.

"उसकी बीवी को मालूम है?"

"नहीं."

"तो वो घर कैसे जाएगा, दीदी? तुमने बुलाया, वो तुम्हारे पास खड़ा है. दस साल से खड़ा है. उसको घर जाना है."

आणि तिने बाळ माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं, आता ही मला बाळाला हातसुद्धा लावू देणार नाही. तिने दिलं, आणि माझ्या कोपराखाली स्वतःचा हात ठेवला. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, सदानंद तुझं नाव नाही. ते तुझ्या काकाचं आहे. तो वारला. 'वारला' हा शब्द मी दहा वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता, दादा 'नाही' असंच म्हणत आले. मग देवांश म्हटलं. मग जिआ-मिंग, मेईने शिकवलं तसं, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा ती म्हणाली चुकलं.

बाळ रडायचं थांबलं नाही. अजान झाली तरी रडत होतं, दूध पाजल्यावर झोपलं. बाळं रडतात. मी मात्र वाकलेलीच राहिले होते, खांद्यावर तो जड हात पडेल म्हणून. खरं सांगते, वाट पाहत होते. पडला नाही. घरी परतताना गाडीत मागच्या सीटकडे मी दोनदा वळून पाहिलं. दहा वर्षं मला त्याची भीती वाटत होती, आणि काल तो नव्हता तर मला इतकं एकटं वाटलं की शारजाच्या सिग्नलला मी हमसून रडले. अस्मी शेजारी होती. तिने पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आई, काय झालं?"

आता शेवटचं. हे मी मेईला सांगितलं नाही, सतीशला नाही, आमच्या ह्यांनाही नाही. हे त्यांचं नाही.

मी भाऊ नाही समजेन म्हटल्यावर दादा फोनवर हसला. म्हणाला, "बरं बाई, येतो. साडेचारला सुटतो. पण ओवाळ आणि सोड मला, जेवायला थांबणार नाही. सकाळी कुमुदवर उगाच ओरडलो. ती सकाळपासून उपाशी असणार, मला माहीत आहे तिचं. नऊपर्यंत परत जाऊन तिच्याबरोबर जेवायचंय मला. आणि तिला म्हणायचंय, चल, वाईला जाऊ."

मी म्हटलं, बायकोचा गुलाम. तो म्हणाला, "आहेच," आणि फोन ठेवला.

तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात ना? तो तुम्हाला सोडून निघाला नव्हता. तुमच्याकडे परत यायचं ठरवून निघाला होता. ही वाक्यं तुमच्यासाठी होती आणि मी ती दहा वर्षं स्वतःजवळ ठेवली, कारण ती दिली असती तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

माफी मागत नाही. उत्तर लिहा असंही म्हणत नाही. हे पत्र सकाळी शाळेत जाण्याआधी मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. फ्रीजवर ठेवणार नाही. दादाला आता माझ्या दारात थांबायचं कारण उरलं नाही. तुम्हाला भेटायला आला, तर त्याला कशाला उशीर झाला ते विचारू नका. ते मी वर लिहिलं आहे.

तुमच्या नवऱ्याला दहा वर्षं वाटेत अडवून ठेवलेली,
कुंदा